इलेक्ट्रॉन नसलेल्या लाटा

११ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. घरी न पाठवता माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस, म्हणजे ते बाबांच्या हाती पडू नये एवढी अक्कल तुला आहे. फोन नको म्हणालीस तेही बरं केलंस. फोनवर तू रडतेस, मी ओरडते आणि मुद्दा राहतो बाजूला.

तुझं म्हणणं मी माझ्या भाषेत मांडते. चुकलं तर सांग. मी विम्याच्या दाव्यांची तपासणी करणारी बाई, तुझ्यासारखी शास्त्रज्ञ नाही.

घरामागच्या शेडमध्ये बसून बाबा गेली चाळीस वर्षं रोज सकाळी कानाला हेडफोन लावून जे ऐकतात, ते म्हणजे दूर अवकाशात, पृथ्वीच्या चुंबकाच्या पसाऱ्यात उठणाऱ्या लाटा. मागच्या मोकळ्या जागेतल्या खांबावरची तार त्या पकडते आणि हेडफोनमध्ये त्या पक्ष्यांच्या किलबिलाटासारख्या ऐकू येतात. तुम्ही त्याला कोरस म्हणता. इथपर्यंत मला लहानपणापासून पाठ आहे. पुढचं तू लिहिलंयस. तिथे वर अडकलेले इलेक्ट्रॉन उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि परत अशा येरझाऱ्या घालत असतात. ही लाट त्यांना गाठते तेव्हा झोपाळ्याला वेळेवर धक्का बसल्यासारखं होतं. काहींचा वेग इतका वाढतो की ते उपग्रहांची यंत्रं बिघडवतात. काहींचा तोल जातो आणि ते खाली, वरच्या हवेत सांडतात. सांडलेले इलेक्ट्रॉन तुझा उपग्रह मोजतो.

आणि तू म्हणतेस, तुमच्याकडे रेकॉर्डिंग पाठवणाऱ्या बाकी सगळ्या स्टेशनांचा हिशेब जुळतो, फक्त बाबांचा जुळत नाही. गेले आठ महिने. तिथून लाटा येतात, पण इलेक्ट्रॉन सांडल्याचा पत्ता नाही. तुझं वाक्य जसंच्या तसं: "ताई, लाटा आहेत, मग इलेक्ट्रॉन कुठे आहेत? कोणीतरी त्या लाटा तयार करतंय." मार्चअखेर तुमची समिती बसणार, आणि तोवर खुलासा झाला नाही तर आठ महिनेच नाही, बाबांची चाळीस वर्षांची सगळी रेकॉर्डिंगं अविश्वसनीय ठरवून बाजूला टाकणार.

वाचून माझं डोकं फिरलं. बाबा आणि बनवाबनवी? वाण्याने एक रुपया जास्त दिला तर परत द्यायला जाणारा माणूस!

आता माझ्या धंद्याप्रमाणे स्पष्ट बोलते. दावा आला की मी आधी बघते, यात फायदा कोणाचा. स्टेशन बंद पडलं तर फायदा कोणाचा? सहा वर्षांपूर्वी भरसभेत कोण म्हणालं होतं, की शेडमध्ये कान लावून बसायचे दिवस गेले, आता उपग्रहांचे दिवस आहेत? बाबा पहिल्या रांगेत बसले होते गं. तेव्हापासून ते तुझ्याशी बोललेले नाहीत. मग माझी पहिली शंका तुझ्यावर का जाऊ नये?

घरची काळजी करू नकोस. मी रोज जाते.

ताई

२० फेब्रुवारी

बारके,

किती चिडलीस! चार पानं. त्यातली दोन शिव्यांचीच होती म्हटलं तरी चालेल. बरं, तू नाहीस. तात्पुरती तुला यादीतून काढते.

पण तू जे नवीन लिहिलंस त्याने माझ्या डोक्यात किडा सोडला. तू म्हणतेस, प्रत्येक जागेच्या लाटांची पट्टी तिथल्या चुंबकाच्या जोरावर ठरते, आणि त्या पट्टीच्या मधोमध एक रिकामा पट्टा असतो, जिथे आवाजच नसतो. हल्ली बाबांच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळंच निम्म्यावर उतरलंय. आवाज निम्म्या उंचीचे, वर चढायला दुप्पट वेळ घेणारे, आणि तो रिकामा पट्टासुद्धा निम्म्यावर येऊन बसलाय. "पृथ्वीचं चुंबक काही अर्धं झालेलं नाही, ताई." हे तुझं वाक्य मी ऑफिसात दोनदा वाचलं. तुझ्या विभागातल्या एकाला हा नवा शोध वाटला म्हणे आणि तो पेपर लिहायला बसला. त्याला आधी थांबव.

मी काल सकाळीच शेडवर गेले. तुला म्हणून सांगते, रोज जाते म्हणाले ते काही खरं नाही. आठवड्यातून एकदा, तेही संध्याकाळी, दारातल्या दारात. सकाळी तर कित्येक महिन्यांत गेले नव्हते. झालं समाधान?

शेड तशीच आहे. पत्र्याचं छप्पर, लांब टेबल, त्यावर तो कॉम्प्युटर, ज्याचा पंखा दळणाच्या चक्कीसारखा आवाज करतो. मधल्या भिंतीला भोक, त्यातून तारेची केबल मागच्या सामानाच्या खोलीतून आत येते. बाबा खुर्चीत, डोळे मिटून, हेडफोन कानाला. मी म्हटलं, "बाबा, कसे आहात?" तर एवढ्या जोरात "काय?" म्हणाले की मी दचकले. वाटलं, हेडफोनमुळे असेल. ते काढल्यावरही "काय?"च.

आणि आई! आईने मला दारातच अडवलं. "एवढ्या सकाळी कशाला आलीस? त्यांची वेळ आहे ही. जा, घरात बस, मी चहा टाकते." चहा टाकते म्हणाली आणि घरात आलीच नाही. मी ओट्याशी उभी राहून स्वतः चहा केला, प्यायले, कप धुतला, तरी बाई बेपत्ता. आली ती मागच्या बाजूने, पदराला हात पुसत. म्हटलं, "कुठे होतीस?" म्हणे, "कपडे वाळत घालत होते." दोरीवर एकही कपडा नव्हता.

ते मी तेव्हा सोडून दिलं. कारण माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. सामानाच्या खोलीत बाबांच्या जुन्या रेकॉर्डिंगच्या फितींचे डबे आहेत ना, सगळ्या फळ्यांवर बोटभर धूळ. फक्त मधल्या, हाताशी येणाऱ्या खणात धूळ नाही. डबे हाताळलेले. आईला विचारलं, इथे कोण येतं? म्हणाली, "वायरमन येतो अधूनमधून."

पाणी इथेच मुरतंय. बाबा गेल्या उन्हाळ्यात पडले आणि दवाखान्यात होते, तेव्हा ह्याच वायरमनने शेडमधली सगळी जोडणी नव्याने केली. म्हणजे आठ-नऊ महिने झाले. जुळतंय ना?

ताई

२६ फेब्रुवारी

बारके,

वायरमनला गाठलं. एका दुकानाच्या पाटीवर चढला होता, मी खालून शिडी धरून ठेवली. शिडी धरलेल्या बाईशी माणूस फारसं खोटं बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

तो म्हणाला, "मॅडम, मी कनेक्शन केलं. लाटाबिटा मी नाही केल्या."

मी विचारलं, नेमकं काय काय केलंस. तर बाबा रेकॉर्डिंग सुरू करायला विसरायला लागले होते, म्हणून ह्याने हेडफोनच्या डबीलाच एक बटण बसवलं. बाबांनी ऐकायला बटण दाबलं की कॉम्प्युटर रेकॉर्ड करायला लागतो, बंद केलं की थांबतो आणि रेकॉर्डिंग आपोआप तुमच्याकडे रवाना होतं. "सरांना सांगितलंस का हे?" म्हटलं. तर डोकं खाजवत म्हणाला, "सर दवाखान्यात होते. आईंना सांगितलं."

"आणि फिती? फितींच्या खणात तुझं काय काम?"

"फितींना मी हात लावत नाही, मॅडम. आईंनी जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून मागितला होता, जुनी गाणी ऐकायला. त्याला नवा प्लग लावून दिला. तेवढंच."

आता तूच सांग. आपल्या आईला तू कधी गाणी ऐकताना पाहिलंयस? रेडिओ लावला तर "बंद कर ती कटकट" म्हणणारी बाई. म्हणजे हा सपशेल खोटं बोलतोय. फिती चोरून विकत असणार. जुन्या फितींचे शौकीन असतात म्हणे. मी त्याला सरळ सांगितलं, की माझी नजर आहे तुझ्यावर. तो शिडीवरूनच हात जोडून म्हणाला, "नजर ठेवा, पण शिडी सोडू नका."

तू विचारलंस, बाबा तुझ्याबद्दल काही बोलतात का. नाही बोलत. तुझा विषय निघाला की उठून शेडमध्ये जातात. काय करायचं ते कर, पण मला मधे घालू नकोस.

ताई

५ मार्च

बारके,

हे वाच आणि ताबडतोब उत्तर दे.

तुझा प्रोग्राम रेकॉर्डिंगचं जे चित्र काढतो, ते पाहून मला काही कळत नाही. म्हणून मी शेडच्या कॉम्प्युटरवरून परवाचं मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं आणि घरी येऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. किलबिलाट आहे. पण जाड, मंद, जणू पक्षी नाहीत, बेडूक आहेत. ऐकताना मला आवडलं नाही ते.

आणि अगदी शेवटी, बाबांनी बटण बंद करायच्या आधी, एक माणूस बोलतो.

पुरुषाचा आवाज. घोगरा, ओढून ओढून बोलल्यासारखा. शब्द कळत नाहीत. बाबांचा नाही, वायरमनचा नाही. मी अजून दोन दिवसांची रेकॉर्डिंगं काढली. दोन्हींच्या शेवटी तोच माणूस!

बारके, सकाळी सकाळी आपल्या घरात एक परका पुरुष असतो आणि आई मला दारातच अडवते. माझ्या मनात नाही नाही ते येतंय. कोणीतरी त्या दोघांना धमकावतंय का? स्टेशनची जागा कोणाला हवी आहे का? म्हातारी माणसं आहेत, घाबरून बोलत नसतील. मी दाव्यांमध्ये असं पाहिलंय. हसू नकोस.

आठ महिने तू ही रेकॉर्डिंगं बघतेयस. तुला तो आवाज कसा ऐकू आला नाही? का ऐकू आला आणि तू लपवलास? परत तुझ्यावर येते मी, लक्षात ठेव.

ताई

१३ मार्च

बारके,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझा प्रोग्राम प्रत्येक रेकॉर्डिंगचं शेवटचं मिनिट कापूनच टाकतो. का, तर पूर्वी बाबा शेवटी माइकवर वार-तारीख बोलायचे, ते बोलणं लाटांमध्ये मिसळू नये म्हणून. बाबांनी तारीख बोलणं बंद करून किती वर्षं झाली, आणि तुमची कात्री अजून चालूच आहे. शहाणी माणसं तुम्ही! पण ठीक आहे. तू ऐकलं नव्हतंस, हे मी मानते.

मी आज पहाटेच गेले. सांगून नाही, चोरासारखी, मागच्या फाटकातून. हातात छत्री होती, मारायला. आता हस हवं तर.

शेडचा दिवा लागला. बाबा आत जाऊन बसले. सामानाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी आत डोकावले.

आई होती. एकटी.

एका हाताने गुडघा दाबत होती. तिने भिंतीजवळ जाऊन तारेच्या केबलचा प्लग काढला, त्या जागी टेपरेकॉर्डरचा प्लग बसवला. मधल्या खणातला डबा उघडून फीत लावली. मग ते गतीचं बटण आहे ना, त्या जुन्या यंत्राला दोन गती आहेत, ते तिने कमी गतीवर फिरवलं. चक्रं हळूहळू फिरायला लागली. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं, कारण त्या यंत्राचा स्पीकर कधीच गेलाय. आवाज तारेतून सरळ बाबांच्या कानात. ती तशीच उभी राहिली, यंत्राचा काटा हलताना बघत.

मी "आई" म्हटलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघून आधी रागावली, मग तोंडाला पदर लावून रडायला लागली. बारके, मी आईला असं रडताना पाहिलेलं नाही. माझ्या हातातली छत्री कुठे ठेवू तेही मला कळेना.

दवाखान्यातून आल्यावर बाबांना हेडफोनमध्ये काहीच ऐकू येईना. रोज बसायचे, रोज नुसतेच उठायचे. म्हणायचे, यंत्र बिघडलंय, तार तुटलीय. वायरमनने तपासलं, सगळं ठीक. जेवण तोडलं त्यांनी. आईने फसवून कानाच्या डॉक्टरकडे नेलं, डोकं दुखतं ते दाखवायला म्हणून. डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं, उंच आवाज गेले, परत येणार नाहीत, जाडे आवाज ऐकू येतात तेवढे येतील. बाबांना काय सांगितलं? वयाप्रमाणे आहे, काळजी नको.

"मग मी काय करणार होते गं?" आई म्हणाली. "चाळीस वर्षं त्यांच्या फिती मीच बदलल्या. मला एवढंच येतं. कमी गतीवर लावली की आवाज जाडा होतो, हे मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी लावली आणि ते आत ओरडले, आला! कोरस आला! त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्यांनी."

मी म्हटलं, "अगं आई, पण हे सगळं रेकॉर्ड होऊन बारकीकडे जातं."

तिला कळेचना. तिला वाटत होतं, आवाज फक्त त्यांच्या कानात जातो. वायरमन बटणाचं काय बोलला ते ती विसरून गेली होती. कळल्यावर ती तिथेच डब्यावर बसली. "माझ्यामुळे ते खोटे ठरणार?" एवढंच म्हणाली.

तर हे तुझं गूढ. लाटा खऱ्या आहेत, फक्त तीसेक वर्षं जुन्या, आणि अर्ध्या गतीने वाजवलेल्या. त्यांचे इलेक्ट्रॉन कधीच सांडून गेले.

राहिला तो माणूस. मी घरी येऊन रेकॉर्डिंगचं शेवटचं मिनिट दुप्पट गतीने लावलं.

बारके, ती तू आहेस.

पाच वर्षांची असशील. तू पहाटे उठून शेडमध्ये लुडबुड करायचीस, म्हणून बाबांनी तुझ्याशी ठराव केला होता, की ऐकणं संपेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही, मग शेवटी तारीख तू सांगायची. तो अख्खा मोसम तारीख तूच सांगितलीस. मी तेव्हा अंथरुणात लोळत असायचे आणि मनातून जळायचे. आईच्या हाताशी जो खण आला, तो नेमका त्या मोसमाचा. तू ते ऐकेपर्यंत मला धीर निघणार नाही, म्हणून लिहून पाठवते. "आज मंगळवार. तारीख बारा. आवाज भरपूर. संपलं. बाबा, आता पळू?"

मी ते किती वेळा लावलं ते विचारू नकोस. आता माझा प्रश्न वेगळा आहे. आई फीत लावते, पण स्पीकर गेल्यामुळे तिला काही ऐकू येत नाही, म्हणजे तुझ्या आवाजाचा तिला पत्ताच नाही. बटण बंद करतात ते बाबा. आणि मी काढून ऐकलेल्या प्रत्येक दिवशी ते तुझं बोलणं संपल्यावरच बंद करतात. एकही दिवस आधी नाही.

मला आता बाबांचाच संशय यायला लागलाय.

ताई

१९ मार्च

बारके,

बाबांना विचारलं. आधी आईला विचारलं, सांगू का म्हणून. ती म्हणाली, सांग, आता लपवून काय राहिलंय.

शेडमध्ये त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि मोठ्याने, तरी ओरडल्यासारखं वाटू नये असं म्हटलं, "बाबा, तुम्हाला ठाऊक आहे ना, आई फिती लावते ते?"

त्यांनी हेडफोन बाजूला ठेवला. मग चष्मा काढला. "अगं, चाळीस वर्षं ऐकतोय मी. अर्ध्या गतीने लावलेली माझीच फीत मला कळणार नाही?"

"मग कोरस आला म्हणून ओरडलात ते?"

"ती मागच्या खोलीत उभी असते, गुडघे दुखत असताना. काय सांगू तिला? बाई, तुझी फसवणूक कळली, आता जा?" मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि शेवटी बारकी बोलते ना."

"घोगऱ्या आवाजात?"

"माझ्या पोरीचा आवाज कुठल्याही गतीने लावा, मला कळतो." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "मी बोलत नाही तिच्याशी. पण ती रोज बोलते माझ्याशी. पळू का विचारते. त्यावर मी काय बोलणार?"

मी सरळ कामाचं बोलले. सांगितलं, की बटण दाबलं की रेकॉर्डिंग होतं आणि बारकीच्या ऑफिसात जातं, आणि आठ महिने हेच जात होतं. बाबा उभेच राहिले. चेहरा असा झाला की मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्यांनी हाताने सारला. "माझ्या स्टेशनवरून? खोटी नोंद?" त्यांना वाटत होतं बटण फक्त हेडफोनचं आहे. रेकॉर्डिंग बंद पडलंय, तू ते बंद करवलंयस, असंच ते धरून चालले होते. मानीपणामुळे कोणाला विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धतच नाही, हे एव्हाना माझ्या ध्यानात आलंय.

मग ते येरझाऱ्या घालायला लागले. तुझ्यावर चिडले, तुझ्या कात्रीवर चिडले, वायरमनवर, माझ्यावर. मागच्या दाराकडे बघून मात्र एक अवाक्षर काढलं नाही. शेवटी म्हणाले, "लिही. आठ महिने रद्द करा. त्याआधीचं सगळं खरं आहे, हवं तसं तपासून बघा. कारण लिही, निरीक्षकाला उंच आवाज ऐकू येत नाहीत आणि त्याने ते सांगितलं नाही. चूक निरीक्षकाची."

दारातून आई म्हणाली, "प्लग मी लावलाय. माझं नाव घाला."

"तू मधे बोलू नकोस."

"चाळीस वर्षं मधेच उभी आहे मी!"

दोघांचं नाव घाला म्हटलं मी, आणि बटणाचंही लिहा. दाव्यात एकाने सगळं अंगावर घेतलं की मला लगेच वास येतो. तुमच्या समितीलाही येईल. असा तो खुलासा तयार झाला. सोबत जोडला आहे. खाली दोघांच्या सह्या आहेत. आईची सही पहिली आहे, तिने हट्टच धरला.

बाबांनी स्वतः "ऐकू येत नाही" असं लिहवून घेतलं, यातच काय ते समज.

ताई

२३ मार्च

बारके,

आपोआप पाठवणं सध्या बंद केलंय, म्हणून हे पत्र आणि पेनड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग बरोबरच पोचतील.

परवा तुझं पत्र आलं, की सूर्यावर काहीतरी उसळलंय, चार दिवसांत कोरस जोरात असेल. ते बाबांना वाचून दाखवलं. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवायची ही पहिलीच वेळ. उठून गेले नाहीत.

आज सकाळी आईने सामानाच्या खोलीतला तारेचा प्लग पुन्हा जागेवर बसवला आणि टेपरेकॉर्डरवर फडकं टाकलं. हेडफोन मी लावला. बाबा शेजारी, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र बघत. बारके, मी जन्मभर ह्याला वेडाचार म्हणत आले. पण काय आवाज होता! अख्खं झाड जागं झाल्यासारखं. एकामागून एक, प्रत्येक सूर खालून वर चढणारा.

बाबा विचारत होते, "आला? चढतोय? किती भरभर चढतोय?" मला ते शब्दांत सांगता येईना. मग मी तोच सूर जाडा करून त्यांच्या कानाशी तोंडाने काढून दाखवला. "ऊऽऽई." दारात आई हसायला लागली. बाबा म्हणाले, "परत कर." किती वेळा केलं असेल. माझा घसा बसलाय. माझ्या ऑफिसातल्या कोणी पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

ही नोंद खरी आहे. तुझ्या उपग्रहाला विचार, आज सकाळी इथे वर इलेक्ट्रॉन सांडले की नाही. सांडले असणारच, मी पैज लावते. समितीलाही हे दाखव.

शेवटी बाबांनी जुना माइक मागितला. कुठल्याशा खोक्यातून काढला, पुसला, जोडला. मला वाटलं तारीख सांगणार. पण ते म्हणाले, "तू जरा बाहेर जा. आईलाही ने."

आम्ही दोघी अंगणात उभ्या राहिलो. पत्र्याच्या शेडमध्ये काही गुप्त राहत नाही, ऐकू आलं असतं. पण आईने माझा कान धरून मला फाटकापर्यंत नेलं. ह्या वयात! म्हणून ते काय बोलले ते मला ठाऊक नाही. नंतर रेकॉर्डिंग माझ्याच हातात होतं, पेनड्राइव्ह माझ्याच पर्समध्ये होता, आणि मी कोण आहे ते तुला माहीत आहे. तरीही ऐकलं नाही. तुझी शप्पथ.

बारके, ह्या वेळी शेवटचं मिनिट कापू नकोस.

ताई